गळकी गच्ची: भोक शोधण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

आमच्या हॉलमध्ये पंख्याच्या डाव्या अंगाला छतावर तीन वर्षं एक तपकिरी डाग होता. पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यावर तो रंगवून टाकला. दुसऱ्या वर्षी गच्चीवर जाऊन डागाच्या बरोबर वर, चार बाय चार फुटांत, वॉटरप्रूफिंगचा पांढरा लेप मारला. तिसऱ्या जुलैत डाग परत हजर, या खेपेला ताटाएवढा. पाणी शिरत होतं तिथून आठ फुटांवर. टाकीच्या कट्ट्याचा खांब गच्चीत उतरतो त्या सांध्याला केसाएवढी भेग होती, नखसुद्धा जाणार नाही अशी.

यात पाण्याचा काही चमत्कार नाही. १९८०-९० च्या दशकातल्या आपल्याकडच्या बऱ्याच घरांच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असतो. खाली आरसीसी स्लॅब, त्यावर सिमेंटच्या मालात बसवलेले विटांचे तुकडे, त्यावर घोटलेलं सिमेंट नाहीतर चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. वीट पाणी पिते. वरच्या कातडीला एक चीर पडली की पाणी आत उतरतं, विटांत मुरतं, स्लॅबवरून उताराने सरकत जातं आणि स्लॅबची पहिली कमकुवत जागा भेटेल तिथे खाली टपकतं. म्हणून काही घरांत पाऊस थांबल्यावर दोन-तीन आठवडे ठिबकत राहतं. कोबा भिजलेल्या स्पंजासारखा रिकामा होत असतो.

तेव्हा या दुरुस्तीतला निम्मा वेळ शोधण्यात जाऊ द्या. लेप मारणं हे शेवटच्या दोन दिवसांचं काम आहे. आपल्याकडे सगळे तिथूनच सुरुवात करतात, मीही केली होती.

वेळापत्रक उलटं मोजायचं. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईत मान्सून ११ जूनला पोचतो, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन थडकला होता. मेअखेरच्या भरवशावर राहिलेल्यांच्या लेपाच्या बादल्या तशाच उघड्या पडल्या. शोध मार्चमध्ये, सिमेंटचं काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आणि लेप एप्रिलअखेर असं धरा. घरात पापड-कुरडयांचं वाळवण होत असेल तर आधी आईशी किंवा सासूबाईंशी तारखा ठरवून घ्या. गच्ची एप्रिलमध्ये कुणाची, हा प्रश्न आमच्याकडे वॉटरप्रूफिंगपेक्षा जास्त तापला होता.

आधी खात्री: हे पावसाचंच पाणी आहे का?

छताला ओल दिसली की दोष गच्चीवर जातो. पण डागाच्या आसपास वर टाकी, सोलर हीटरची लाइन किंवा मोरी-बाथरूम असेल तर आधी ते तपासा. सोपी खूण अशी की, जानेवारी-फेब्रुवारीतही डाग ओला लागत असेल तर पाणी पावसाचं नाही.

टाकीसाठी: रात्री टाकी भरा, आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याच्या पातळीला आतून खूण करा. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर टाकी किंवा व्हॉल्व्हच्या आधीचा जोड गळतोय. पातळी तशीच असेल तर बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडा, घरातले सगळे नळ बंद ठेवा आणि पुन्हा काही तास थांबा. आता उतरली तर गळती पाइपात आहे. टाकी ओसंडल्यावर पाणी कुठे पडतं तेही बघा. अनेक घरांत ओव्हरफ्लोचं पाणी वर्षानुवर्षं कोब्याच्या एकाच जागेवर पडत असतं, म्हणजे तिथे बारमाही पावसाळाच.

भिंतीवरची ओल बाहेरून येते की खोलीतल्या दमट हवेची आहे हे कळायला एक हातभर प्लॅस्टिकचा कागद घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी थेंब कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीत खेळती हवा नाही. त्याला खिडकी लागते, सिमेंट नाही.

एक गोष्ट आजच करून टाका. डागाजवळ दिव्याचा पॉइंट किंवा पंख्याचा हूक असेल तर त्या सर्किटचा एमसीबी पाडून ठेवा आणि छत पूर्ण सुकेपर्यंत चालू करू नका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो बसवायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

गच्चीचा नकाशा

मोठा कागद घ्या. गच्चीची लांबी-रुंदी मोजून आराखडा काढा. कठडे, जिना, टाकीचे खांब, पाइप, पाणी जाण्याची तोंडं सगळं दाखवा. मग घरात जाऊन खालच्या डागांची मापं दोन भिंतींपासून घ्या आणि तीही याच कागदावर वेगळ्या रंगाने टाका. भिंतींची जाडी धरायला विसरू नका. माझी पहिली खूण नऊ इंचांनी चुकली ती त्यामुळेच.

आता गच्ची खराट्याने झाडा आणि चार गोष्टी बघत फिरा.

पहिली, उतार. पाच-सहा बादल्या पाणी गच्चीच्या उंच बाजूला ओता आणि शांत बसून बघा. पाणी थेट तोंडाकडे जायला हवं. दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार लागतो. अर्ध्या तासाने जिथे डबकं उरेल तिथे खडूने गोल काढा. उतार मोजायचाच असेल तर गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी पुरते, लेझरबिझर लागत नाही.

दुसरी, आवाज. हातोडीच्या मागच्या टोकाने किंवा जुन्या जाड नाण्याने दर हातभर अंतरावर ठोकत जा. टणक आवाज आला तर कोबा धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर वरची कातडी सुटली आहे, तिथे चौकोन आखा. सकाळी रस्त्यावर वर्दळ नसताना हे करा, कान पटकन तयार होतो.

तिसरी, सांधे. इथे वेळ काढा. माझ्या पाहण्यात बहुतेक गळत्या गच्चीच्या मधोमध नसतात, कडेला असतात. गच्ची आणि कठडा जिथे भेटतात तो कोपरा, पाइप स्लॅबमधून आरपार जातो ती जागा, खांबांची बुडं, जिन्याच्या खोलीचा उंबरठा, सोलरच्या पायांचे बोल्ट. दिवाळीच्या माळा लावायला कठड्यात ठोकलेला खिळा आणि केबलवाल्याने पाडून ठेवलेलं भोकसुद्धा यात येतं. कठड्याच्या वरच्या सपाट बाजूकडे तर कुणीच बघत नाही. तिथल्या आडव्या भेगांतून पाणी कठड्याच्या विटांत उतरतं आणि कोब्याच्या खालून आत येतं. वरून कितीही लेप द्या, ते पाणी थांबत नाही.

चौथी, झाडं. पिंपळाचं किंवा वडाचं बोटभर रोप असलं तरी मूळ फूटभर आत गेलेलं असतं. नुसतं उपटलं तर तुटतं आणि पुन्हा फुटतं. तिथला गिलावा फोडून मूळ दिसेल तितकं काढावंच लागतं.

पाणी साठवून परीक्षा

नकाशावर आता पाच-सात संशयित जागा जमल्या असतील. त्यातली खरी कोणती हे पाणी साठवून कळतं. पूर्ण गच्ची एकदम भरू नका, कारण मग डाग ओला झाला तरी पाणी कुठून आलं ते कळणार नाही. रेती भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा किंवा मातीचा बांध घालून गच्चीचे तीन-चार भाग करा आणि सगळ्यात सखल भागापासून सुरुवात करा. त्या भागातलं तोंड चिंधी आणि प्लॅस्टिकने बंद करून एक इंच पाणी भरा, ४८ तास ठेवा. खाली घरात दर चार-सहा तासांनी टॉर्चने छत बघा आणि वेळ लिहून ठेवा. काहीच दिसलं नाही तर त्या भागाच्या कडेचा सांधाही बुडेल इतकं, म्हणजे दोन इंच, पाणी करा. कोबा जाड असेल तर पाणी खाली यायला वेळ लागतो, म्हणून तिसऱ्या दिवशीही बघा.

वजनाचा हिशेब ठेवा. एक इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला २५ किलो, दोन इंच म्हणजे ५०. चांगल्या स्लॅबला हे जड नाही. पण छताचा गिलावा पडून सळ्या उघड्या पडल्या असतील किंवा छत मध्ये झुकलेलं वाटत असेल तर ही परीक्षा करूच नका. तिथे फक्त रबरी नळीने एकेका सांध्यावर अर्धा-अर्धा तास पाणी सोडून बघा, खालून वर या क्रमाने. आधी कोपरा, मग कठड्याची बाजू, शेवटी कठड्याचा माथा.

आमच्याकडे दोन भागांत काही झालं नाही. टाकीजवळचा भाग भरल्यावर अकरा तासांनी डागाची कड गडद झाली. तीन वर्षांचा प्रश्न अकरा तासांत मिटला.

जिथे स्वतः हात घालू नये

छताच्या गिलाव्यातून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर थांबा. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि काँक्रीट आतून फोडतं. वरून पाणी बंद करणं हा त्यावरच्या उपचाराचा फक्त एक भाग. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. किनाऱ्यालगतच्या कोकण-गोव्यातल्या घरांत खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं.

गच्चीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग पोकळ वाजत असेल तर ठिगळं लावण्यात अर्थ नाही. कोबा काढून नवा करावा लागेल, ते गवंड्याचं काम. आणि कुणी 'जुन्यावरच नवा कोबा टाकू, फोडायचा खर्च वाचेल' म्हणालं तर नको म्हणा. चार इंच कोबा म्हणजे दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो. माणसांच्या वावराची गच्ची धरून स्लॅबचं डिझाइन करताना वावराचा भार साधारण १५० किलोच धरलेला असतो. तो सगळा तुम्ही कायमचा खाऊन टाकता.

गॅसच्या ज्योतीने तापवून चिकटवायच्या डांबरी मेम्ब्रेनचं (गुंडाळीत मिळणाऱ्या जाड डांबरी चादरीचं) कामही घरी करायचं नाही. आणि सोसायटीत राहत असाल तर गच्चीला परस्पर हात लावू नका. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पावसाच्या पाण्याच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायची असते. वर काढलेला नकाशा आणि फोटो लेखी अर्जाला जोडा. सर्वसाधारण सभेत त्याचा उपयोग भांडणापेक्षा जास्त होतो.

सामान

छिन्नी, दोन पौंडी हातोडी, तारेचा ब्रश, थापी, रंधा, घमेलं, चार इंची ब्रश आणि रोलर. सिमेंट ताजं हवं. पोत्यावर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो, तीन महिन्यांहून जुनं घेऊ नका, गाठी झालेलं तर अजिबात नाही. रेती चाळून. एसबीआर लॅटेक्सचा डबा, हे दुधासारखं द्रव सिमेंटच्या मालाची पकड वाढवतं. पॉलियुरेथेन सीलंटच्या, म्हणजे फटीत भरायच्या रबरासारख्या लवचिक लगद्याच्या, नळ्या आणि त्याची गन. फायबरची जाळी. शेवटी अ‍ॅक्रिलिकचा लवचिक लेप आणि त्याच कंपनीचा प्रायमर. हातमोजे आणि चश्मा घ्या, सिमेंटने हात सोलवटतात.

लेप किती लागेल हे दुकानदाराला विचारू नका, स्वतः मोजा. एक लिटर लेप एक चौरस मीटरवर, म्हणजे पावणेअकरा चौरस फुटांवर, पसरला की ओला थर बरोबर एक मिलिमीटर होतो. त्यातलं पाणी उडून गेल्यावर साधारण निम्मा उरतो. आता कुणी ६०० चौरस फुटांच्या गच्चीला २० लिटरची एकच बादली पुरेल म्हणालं तर ओला थर एक तृतीयांश मिलिमीटरच्या जरा वर, आणि वाळल्यावर कागदाच्या दोन पानांएवढा. अशा गच्च्या दुसऱ्या वर्षी सोलायला लागतात. डब्याच्या पत्रकावर दोन हातांना मिळून किती लिटर ते दिलेलं असतं, तेवढा घ्या, पातळ करून वाढवू नका.

काम

*सफाई.* शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने दोनदा. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर त्या दिवशी अ‍ॅसिडची बाटली गच्चीवर नेऊच नका. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. जुन्या लेपाचे सुटलेले पापुद्रे पटाशीने काढा. जे घट्ट बसलंय ते राहू द्या.

*पाणी जाण्याचं तोंड.* हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे २,३६० लिटर पाणी. ताशी १०० मिलिमीटरच्या झडीत चार इंची पाइप साधारण ४० चौरस मीटर गच्चीचं पाणी ओढतो. हजार फुटांना एकच पाइप असेल तर कोसळत्या पावसात गच्चीचं तळं होणारच, मग लेपाला दोष देऊ नका. दुसरं तोंड काढून घ्या. ते कोरण्याचं काम प्लंबरकडून करा, सळई कापायची नाही हे त्याला बजावून.

आहे त्या तोंडाभोवतीचा सुटलेला माल फोडा. पाइप आणि काँक्रीटमधली फट मोकळी करून पुसून कोरडी करा, सीलंट भरा. भोवतीचा फूटभर भाग बाकी गच्चीपेक्षा अर्धा इंच खोल ठेवून मालाने गुळगुळीत करा. वर सपाट जाळी नको, घुमटासारखी बसवा. सपाट जाळीवर चार पानं बसली की झाकण बसल्यासारखं होतं.

*भेगा.* भेग जिवंत आहे की मेलेली हे आधी ठरवा. तिच्यावर दोन-तीन ठिकाणी प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या टिकल्या लावा, तारीख लिहा. आठवड्यात टिकली तडकली तर भेग हलतेय. ती हलणारच, कारण दहा मीटर लांबीचं काँक्रीट तापमान ३० अंशांनी बदललं की तीन मिलिमीटर लांब-आखूड होतं. एप्रिलच्या दुपारी आणि पहाटे त्याच भेगेची रुंदी वेगळी भरते. अशी भेग नुसत्या सिमेंटने बुजवली की शेजारी दुसरी पडते.

मेलेल्या भेगेला छिन्नीने 'व्ही' आकाराची खाच करा, बोटाच्या पेराएवढी रुंद आणि तितकीच खोल. धूळ फुंकून, ब्रशने झाडून, ओलं करून लॅटेक्स घातलेला सिमेंट-रेतीचा माल (एकास तीन) दाबून भरा. जिवंत भेगेला सरळ कडांची खाच करा, तळाशी फोमची दोरी दाबा आणि वर सीलंट भरा. त्याची खोली रुंदीच्या निम्मी. दोरीचं काम असं की सीलंट दोन्ही कडांना चिकटावं, तळाला नाही. तळाला चिकटलं तर ताणायला मोकळीक मिळत नाही आणि ते फाटतं. भरायचं सकाळी, जेव्हा भेग उघडलेली असते. मग दुपारी ती मिटताना सीलंट दाबलं जातं, ओढलं जात नाही. केसाएवढ्या भेगांना खाच करायची गरज नाही, त्यांच्यावर लेपाच्या वेळी जाळीची चार इंची पट्टी बसवायची.

*वाटा.* गच्ची आणि कठडा यांच्या काटकोनात सिमेंटचा जो उतरता गोलवा करतात त्याला गवंडी वाटा म्हणतात. माझ्या मते सबंध दुरुस्तीत यात घातलेले कष्ट सगळ्यात जास्त फळतात. जुना वाटा वाजवून बघा. पोकळ असेल तर पूर्ण फोडा, वरून मलमपट्टी नको. कोपऱ्यात दोन्ही बाजूंना तीन-चार इंच गिलावा टाचून खरबरीत करा, धुवा, पाणी जिरवा. वर पाणी साठलेलं नको, पण कोपरा ओलसर हवा. त्यावर सिमेंट आणि लॅटेक्स एकत्र कालवून दह्याच्या कवडीइतका दाट लेप ब्रशने लावा, प्रमाण डब्याच्या पत्रकाप्रमाणे. तो चिकट असतानाच एकास तीनचा माल थापून निदान दोन बाय दोन इंचांचा वाटा ओढा. लेप वाळला तर पकड जाते, म्हणून एका वेळी पाच-सहा फुटांपेक्षा जास्त लावू नका. वाट्याला आकार द्यायला गवंडी काचेची बाटली फिरवतात, तसा गोलवा रंध्याने येत नाही.

आमच्याकडे काम शिकवायला आलेले गवंडीमामा पहिला वाटा बघून म्हणाले, "दादा, हे कुणाला दाखवू नका." तो फोडून पुन्हा केला. माल जरा घट्ट ठेवायचा ही त्यातली गोम. पातळ माल घसरतो आणि सुकताना चिरतो.

खांबांच्या बुडांना, टाकीच्या कट्ट्याला, पाइपांच्या भोवती असाच वाटा चौफेर. साधा सिमेंटचा माल सात दिवस गोणपाटाने ओला ठेवा. भरपूर लॅटेक्स घातलेल्या मालाला किती पाणी मारायचं हे त्याच्या पत्रकात वेगळं असू शकतं, ते वाचा. कडक उन्हात पहिल्या दिवसापासून झाकणं दोन्हीला लागतंच.

*पोकळ चौकोन.* खडूने आखलेल्या जागा सरळ कडांनी कापा, घट्ट थर लागेपर्यंत उकरा. आत वीट ओली निघाली तर दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या. मग वाट्यासारखाच चिकट लेप आणि माल. वरची पातळी आजूबाजूशी जुळवताना उतार मोडणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर तुम्हीच नवं डबकं तयार कराल. डबक्याच्या खडूच्या गोलांनाही आत्ताच थोडा उतार द्या.

कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूला, म्हणजे गच्चीकडे, किंचित कल द्या. बाहेरून भिंतीवर ओघळ येणं थांबतं आणि रंग जास्त टिकतो.

*लेप.* सिमेंटचं काम सुकायला वेळ द्या. सुकलंय का हे बघायला दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटवून संध्याकाळी लावा आणि सोळा तासांनी उचला. खाली दव दिसलं तर अजून थांबा. ओल कोंडून लेप मारला की उन्हाने तिची वाफ होते आणि पुरीसारखे फुगे येतात. मी एकदा घाई केली होती, तेरा फुगे मोजले.

लेप सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. भर दुपारी तापल्या गच्चीवर तो खाली भिनायच्या आत वरून वाळतो. आधी प्रायमर. तो सुकल्यावर सगळे वाटे, कोपरे, तोंडं, भेगा यांवर ब्रशने एक हात द्या, ओला असतानाच जाळीच्या पट्ट्या दाबून बसवा, वरून पुन्हा ब्रश. सुरकुती राहू देऊ नका. नंतर पूर्ण गच्चीवर रोलरने पहिला हात, आणि पत्रकात दिलेल्या तासांनी दुसरा हात आडवा, पहिल्याशी काटकोनात. मध्ये पूर्ण गच्चीवर जाळी घातली तर उत्तम. कठड्यावर आतून फूटभर वर चढवा, पाण्याच्या तोंडातही बोटभर आत उतरवा. जिन्याच्या दारापासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची हे लिहायची गरज नाही असं मला वाटायचं, पण शेजारच्यांना शिडीने उतरवावं लागलं होतं.

पूर्ण तयार व्हायला आठवडाभर द्या. त्या आठवड्यात वर कुणी जाऊ नये, कुंड्या तर नाहीतच. पुढेही कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवा आणि खाट ओढत नेऊ नका. चप्पल चालते, लोखंडी पाय चालत नाही. लेप तयार झाल्यावर जो भाग पूर्वी गळला होता तोच पुन्हा बांध घालून ४८ तास भरा. इथे कंटाळा करू नका, चूक राहिली असेल तर ती मे महिन्यात कळलेली बरी.

छताची आतली बाजू

हे सगळं झाल्यावर डाग लगेच रंगवायचा मोह होतो. कोब्यात आणि स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी आता वरून उडू शकत नाही, ते खालूनच बाहेर पडणार. त्यामुळे पहिले काही आठवडे डाग थोडा वाढला तरी घाबरू नका. खालचे पोपडे आणि जुनी पुट्टी खरवडून छत उघडं ठेवा, पंखा दुसऱ्या सर्किटवरचा लावा. पांढरे क्षार, ज्याला आपण लोणा म्हणतो, ते आले तर कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसले तर विरघळून परत आत जातात.

रंग एक पावसाळा गेल्यावर. आमच्या घरात पाहुण्यांना चार महिने खरवडलेलं छत बघावं लागलं, दोन लग्नपत्रिका घेऊन आलेल्यांनी 'काम चाललंय वाटतं' असं विचारलंही. ऑक्टोबरच्या उन्हात प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा पुन्हा केली, कागद कोरडा निघाला, मग डाग रोखणारा प्रायमर, पुट्टी आणि रंग.

नकाशाचा कागद मात्र फेकू नका. आमचा मीटरच्या पेटीत घडी करून ठेवलाय. दरवर्षी मेच्या पहिल्या रविवारी तो घेऊन वर जातो, नाणं वाजवतो, जाळीतली पानं काढतो, सीलंट कुठे सुटलंय का बघतो. तासाभराचं काम आहे. गेल्या खेपेला सोलरच्या डाव्या पायापाशी बद्द आवाज आला, तिथे खडूने चौकोन आखून ठेवलाय.